पेप्टाइडला पाण्याबाहेर काढताना: पुणे ते नायमेखन

घरी कोणी विचारलं तर मी सांगते, प्रोटीनचे तुकडे पाण्यातून बाहेर काढून उडवायचे आणि उडताना त्यांचा आकार कसा आहे ते बघायचं, हे माझं काम. आजीला एवढं पुरतं. पीएचडीच्या नोंदणीत तेच ‘वायू अवस्थेतील पेप्टाइड आयनांच्या रचनांचा अभ्यास’ असं लिहिलंय. या अभ्यासातला मधला मोठा टप्पा नेदरलँड्समधल्या नायमेखन गावी, फेलिक्स या फ्री इलेक्ट्रॉन लेझरच्या प्रयोगशाळेत झाला. तिथे वेळ मागण्यापासून परत येऊन आकडे लावण्यापर्यंत वर्षभरापेक्षा बराच जास्त काळ गेला. ज्युनिअर मुलं अधूनमधून तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे. पैशांसकट आणि कागदांसकट.

जानेवारी २०२४ मध्ये मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, मला माझ्या विषयावर न बसवता आधी सायटोक्रोम सी वर बसवलं. घोड्याच्या हृदयातून मिळणारं हे प्रोटीन, १०४ अमिनो आम्लांचं, वजन साधारण १२,३६० डाल्टन (डाल्टन हे अणू-रेणूंचं वजन मोजायचं एकक). हीममुळे पावडर लालभडक असते, त्यामुळे सुईत द्रावण भरलं गेलंय की नाही हे डोळ्यांना दिसतं. शिकाऊ माणसासाठी यापेक्षा सोयीचं प्रोटीन नाही. सुई म्हणजे ओढून बारीक केलेली काचेची नळी, टोक एक-दोन मायक्रॉनचं, वरून सोन्याचा मुलामा. तिला हजार-बाराशे व्होल्ट दिले की टोकातून इतका बारीक फवारा उडतो की भिंगाशिवाय तो दिसतही नाही. थेंब सुकत जातात आणि शेवटी प्रोटॉन चिकटलेलं उघडं प्रोटीन मास स्पेक्ट्रोमीटरच्या, म्हणजे आयनांचं वजन मोजणाऱ्या यंत्राच्या, निर्वातात शिरतं. याच इलेक्ट्रोस्प्रे पद्धतीसाठी जॉन फेन यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

या प्रशिक्षणात दोन गोष्टी हाताला बसल्या. सुईचं टोक कशालाही टेकवायचं नाही, आणि हँडक्रीम लावून लॅबमध्ये यायचं नाही. क्रीममधलं पॉलिइथिलीन ग्लायकॉल स्पेक्ट्रममध्ये दर ४४ डाल्टनवर एक असं शिडीसारखं उमटतं आणि तुमचा पेप्टाइड त्या शिडीत हरवतो.

तिसरी गोष्ट समजायला वेळ लागला, पण माझा पुढचा सगळा विचार तिच्यावर उभा आहे. सायटोक्रोम सी अमोनियम ॲसिटेटमध्ये विरघळवून हळुवार फवारलं तर त्याच्यावर सहा, सात, फार तर आठ प्रोटॉन दिसतात. त्याच प्रोटीनला मिथेनॉल आणि थोडं आम्ल घालून फवारलं तर ही संख्या पंधराच्या पुढे जाते. इतके धनभार एकमेकांना ढकलतात, साखळी उलगडते. आयन मोबिलिटीच्या नळीत, म्हणजे वायूने भरलेल्या नळीतून विद्युतक्षेत्राच्या जोरावर आयन पळवतात तिथे, आटोपशीर आयन लवकर पोचतात आणि पसरलेले आदळत-आपटत मागे राहतात. मार्टिन जॅरोल्ड आणि डेव्हिड क्लेमर यांच्या गटाने १९९५ मध्ये याच प्रोटीनवर हे दाखवलं होतं. पसरलेल्या आयनाचा कोलिजन क्रॉस सेक्शन, म्हणजे वायूच्या रेणूंना आदळायला मिळणारं क्षेत्रफळ, आटोपशीर आयनाच्या जवळपास दुप्पट भरतो. म्हणजे ‘वायू अवस्थेत याची रचना काय?’ हा प्रश्नच अपुरा. त्याला तिथे कसं आणलं, किती तापवलं, किती प्रोटॉन देऊन आणलं, हे धरूनच विचारावा लागतो.

मोबिलिटीने आकारमान कळतं. कुठला ऑक्सिजन कुठल्या हायड्रोजनला धरून बसलाय, टोकाशी कडं झालंय की नाही, हे कळत नाही. त्यासाठी अवरक्त प्रकाश लागतो. आयनांवर तो नेहमीसारखा आरपार टाकून किती शोषला गेला हे मोजता येत नाही, कारण सापळ्यात जेमतेम काही लाख आयन असतात. म्हणून उलट बाजूने मोजतात. लेझरची तरंगलांबी (पुढे नुसती ‘लांबी’) बंधाच्या कंपनाशी जुळली की आयन एकामागून एक फोटॉन गिळतो, तापतो आणि फुटतो. कुठल्या लांबीला किती फुटले याचा आलेख हाच स्पेक्ट्रम. याला आयआरएमपीडी म्हणतात आणि याला दमदार, पाहिजे तशी लांबी बदलता येणारा लेझर लागतो. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातला अवरक्त फ्री इलेक्ट्रॉन लेझर १२.५ मायक्रॉनच्या पुढच्या लांबीसाठी बांधलेला आहे. आम्हाला हवी होती ५ ते १० मायक्रॉन, कारण कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनची जोडी) आणि अमाइड (अमिनो आम्लांना जोडणारा बंध) यांची कंपनं तिथे येतात. युरोपात अशा कामाच्या तीन ठळक जागा: नायमेखनचं फेलिक्स, पॅरिसजवळच्या ऑर्सेचं क्लिओ आणि बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेतला लेझर. आम्ही फेलिक्स धरलं, कारण तिथे लेझरच्या वाटेवर आयन-सापळा असलेली मास स्पेक्ट्रोमीटर आधीच जोडून ठेवलेली आहेत.

एप्रिलमध्ये प्रस्ताव लिहायला घेतला. वर्षातून दोनदा अर्ज मागवतात, त्यामुळे एक फेरी चुकली की सहा महिने गेले. माझ्या पहिल्या मसुद्यात सगळंच होतं: सायटोक्रोम सी चे वेगवेगळे धनभार, पॉलिॲलानिनची हेलिक्स, सोडियम लागलेले पेप्टाइड. मॅडमनी तो वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

“अगं, हे तीन पीएचडींचं काम आहे. एका शिफ्टमध्ये दोन-तीन स्पेक्ट्रम नीट आले तरी देवाला नारळ फोड. त्या समितीला एकच बघायचं असतं. या लेझरशिवाय सुटणार नाही असा कुठला प्रश्न तुझ्याकडे आहे? तेवढा एक दे. बाकीचं तुझ्या थिसिसमध्ये लिही.”

मग एकच उरला. पेप्टाइड निर्वातात फोडला की अमाइड बंध तुटून ‘बी’ आणि ‘वाय’ प्रकारचे तुकडे मिळतात. प्रोटिऑमिक्सची, म्हणजे नमुन्यातली प्रोटीनं एकगठ्ठा ओळखण्याच्या शास्त्राची, सगळी सॉफ्टवेअर याच तुकड्यांवरून क्रम वाचतात. यातला बी-२, म्हणजे पहिल्या दोन अमिनो आम्लांचा तुकडा, दोन रूपांत असू शकतो. एक ऑक्सॅझोलोन, पाच अणूंचं कडं. दुसरं डायकिटोपिपरॅझिन, सहा अणूंचं. वस्तुमान अगदी तेच, त्यामुळे मास स्पेक्ट्रोमीटरला दोघांत फरक दिसत नाही. डायकिटोपिपरॅझिन सहसा जास्त स्थिर, पण ते व्हायला आधी अमाइड बंधाची मांडणी उलटी, ट्रान्सची सिस, व्हावी लागते आणि तेवढी सवड मिळेलच असं नाही. म्हणून बऱ्याचदा घाईचं ऑक्सॅझोलोन मिळतं. पहिल्या जागी हिस्टिडिन असेल तर गणित बदलतं, कारण त्याची इमिडॅझोल बाजू प्रोटॉन स्वतःकडे घेऊन बसते. हिस्टिडिन-ॲलानिनच्या बी-२ मध्ये दोन्ही रूपं मिसळलेली असतात हे २००९ पासून छापील आहे. शेजारचं अमिनो आम्ल बदललं तर मिश्रणाचं प्रमाण कसं सरकतं, हा आमचा प्रश्न. पेपर अजून छापून आलेला नाही, म्हणून पूर्ण क्रम इथे देत नाही. समजून घ्या.

लेझरच का, याचं उत्तर सरळ होतं. ऑक्सॅझोलोनच्या कड्यातला कार्बोनिल १८०० ते १९५० वेव्हनंबरच्या (एका सेंटिमीटरमध्ये किती लाटा बसतात तो आकडा) पट्ट्यात शोषतो. पेप्टाइडमधलं दुसरं काहीच तिथे शोषत नाही. तिथे शिखर दिसलं तर ऑक्सॅझोलोन आहे, इतकं सुटसुटीत.

प्रस्ताव दोन-तीन पानांचाच असतो, पण त्याच्या मागे घरचं काम लागतं. पुण्यातल्या यंत्रावर पेप्टाइड फोडून बी-२ किती ताकदीचा मिळतो ते दाखवलं, दोन्ही रूपांचे संगणकावर काढलेले स्पेक्ट्रम शेजारी शेजारी ठेवले, आणि पाठवण्याआधी तिथल्या एका पोस्टडॉकला ईमेल करून हे त्यांच्या यंत्रावर जमेल का ते विचारलं. हा ईमेल जरूर करा. लाजू नका. उत्तर येतं, आणि त्या उत्तरातून प्रस्ताव निम्मा सुधारतो. सापळ्यात किती टप्प्यांनी फोडाफोड करता येते हे मला त्या ईमेलमधूनच नेमकं कळलं.

ऑगस्टमध्ये होकार आला. मोजक्या शिफ्ट, तारखा फेब्रुवारी २०२५ च्या. प्रयोगाच्या वेळेचे पैसे पडत नाहीत, तिकीट आणि राहणं आपलं. आनंद झालाच, पण तो एक दिवस टिकला, कारण दुसऱ्या दिवशी स्टोअर्समध्ये पेप्टाइडची मागणी टाकायची होती.

आमच्या संस्थेत सरकारी पैशाने खरेदी म्हणजे आधी जेम, म्हणजे सरकारी खरेदीचं पोर्टल. तिथे माझा पेप्टाइड मिळत नाही हे जगाला माहीत आहे, पण मिळत नाही याचा पोर्टलवरून काढलेला अहवाल फाइलला लावल्याशिवाय तेव्हा बाहेरून घेता येत नव्हतं. त्यासाठी वेगळं लॉगिन, वेगळा ओटीपी, आणि ज्या क्लार्ककडे तो ओटीपी येतो ते जेवायला गेलेले. पेप्टाइड आणि तुलनेसाठी लागणारा कड्याच्या रूपातला सायक्लो डायपेप्टाइड मिळून पंचवीस हजारांच्या आसपास गेले. ऑर्डर देताना दोन गोष्टी लिहून घ्या. शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर, एचपीएलसीच्या (शुद्धता तपासायची पद्धत) आलेखासह. आणि शेवटचा क्षार टीएफएचा नको, ॲसिटेटचा द्या. पेप्टाइड शुद्ध करताना ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल वापरतात, ते मागे राहिलं तर इलेक्ट्रोस्प्रेमध्ये धन आयनांचा सिग्नल दाबून टाकतं. क्षार बदलून द्यायला थोडे जास्त पैसे घेतात. द्यावेत. माल यायला दिवाळी उलटली.

व्हिसाचं म्हणाल तर विज्ञानाच्या मानाने ते सोपं, फक्त तापदायक. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो. फी ९० युरो (जून २०२४ च्या आधी ८० होती), वर अर्ज केंद्राचा सेवाखर्च वेगळा. किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण असलेला विमा लागतो. तो दीड-दोन हजारांत होतो. निमंत्रणपत्र, संस्थेचं ना हरकत, राहण्याची सोय, परतीचं आरक्षण, आणि बँकेचं स्टेटमेंट. माझं घोडं अडलं ते स्टेटमेंटवर. एसआरएफची (सीनिअर रिसर्च फेलो) फेलोशिप महिन्याला ४२,००० आणि वर घरभाडं, पण ती महिन्याच्या महिन्याला येते असं नाही. चार महिने शून्य आणि मग एकदम मोठी रक्कम. खिडकीवरच्या मुलीने ते पाहून विचारलं, “मॅम, हे अचानक पैसे कोणी टाकले?” सुदैवाने आमच्या एका सीनिअरने आधीच बजावलं होतं, म्हणून फेलोशिप थकबाकीसह एकदम जमा होते असं संस्थेच्या लेखा विभागाचं पत्र सोबत होतं. ते पत्र नक्की घ्या. स्टेटमेंटवर बँकेचा गोल शिक्का आणि सही हवी, नुसती नेट बँकिंगची प्रत चालत नाही असं मला तिथे सांगितलं. मी मुंबईला गेले होते, त्यामुळे तिथल्याच शाखेत रांग लावून शिक्का आणला. ठरलेल्या पंधरा दिवसांच्या आत पासपोर्ट घरी आला.

तिकीटही आपल्या मनाने काढता येत नाही. सरकारी खर्चाने विमानप्रवास असेल तर बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी, या तिघांपैकीच. मुंबई ते ॲम्स्टरडॅम आणि परत, सत्तर हजारांच्या पुढे. बाहेरच्या साइटवर तेच स्वस्त दिसत होतं, पण मोह आवरला. नाहीतर बिल परत आलं असतं.

पेप्टाइड हातातल्या सामानात नेले. छोट्या नळ्यांत सुकवलेली पांढरी पूड, मिलिग्रॅमभर, नळीवर लेबल, सोबत संस्थेच्या लेटरहेडवर मजकूर: हा पदार्थ काय आहे, किती आहे, जैविक किंवा संसर्गजन्य नाही, विकायचा नाही. सुरक्षा माहितीपत्रकही जोडलं. पांढरी पूड घेऊन विमानतळावर उभं राहायचं म्हणजे छातीत धडधड होतेच. कोणी विचारलं नाही. तरी पत्राशिवाय जाऊ नका.

स्किपोलहून नायमेखन रेल्वेने दीड तासाच्या आसपास, उट्रेख्तवरून. तिकडे बँकेचं कार्ड दाराशी टॅप करून चढता-उतरता येतं, पण कार्डवर परदेशातला काँटॅक्टलेस व्यवहार आधी सुरू करून घ्या. विद्यापीठाला लागूनच हेयेन्डाल नावाचं छोटं स्टेशन आहे, तिथे उतरलं की प्रयोगशाळा चालत. फेब्रुवारीत संध्याकाळी सहाला काळोख, आणि थंडीपेक्षा वारा बोचरा. पाहुण्यांच्या खोलीत सामाईक स्वयंपाकघर होतं. मी थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट नेलं होतं. शिफ्ट रात्री संपते तेव्हा बाहेर काही उघडं नसतं, एवढं लक्षात ठेवून काय न्यायचं ते ठरवा.

पहिल्या सकाळी सुरक्षेची माहिती, कागदावर सही, आणि मग यंत्र. लेझर तुमच्या खोलीत नसतो. जाड भिंतींच्या आड इलेक्ट्रॉनचा झोत चुंबकांच्या रांगेतून नागमोडी जातो आणि त्यातून प्रकाश निघतो. चुंबकांमधलं अंतर कमी-जास्त केलं की लांबी बदलते. आपल्यापर्यंत निर्वात नळ्यांतून तो पोचतो: दहा मायक्रोसेकंदांपर्यंतचे स्पंद, सेकंदाला दहा. आपण मास स्पेक्ट्रोमीटरपाशी बसायचं आणि कंट्रोल रूमशी बोलत राहायचं. लांबीची पट्टी मोठी बदलायची असेल तर ऑपरेटरला इलेक्ट्रॉनची ऊर्जा बदलावी लागते आणि त्यात वेळ जातो. म्हणून कुठली मोजणी कुठल्या पट्ट्यात, हे कागदावर आधीच लावून ठेवलेलं बरं.

सुरुवात ओळखीच्या आयनापासून केली. ल्यू-एन्केफॅलिन, पाच अमिनो आम्लांचा पेप्टाइड, एम बाय झेड (वस्तुमान भागिले भार) ५५६. त्याचा बी-४ तुकडा ४२५ ला येतो. हा ऑक्सॅझोलोन आहे हे २००५ मध्ये याच फेलिक्सवर दाखवलं गेलं होतं, तेव्हा ते नायमेखनला नव्हतं, नीउवेखाइनला होतं. ४२५ सापळ्यात धरायचा, बाकी सगळं बाहेर फेकायचं, लेझर मारायचा, कार्बन मोनॉक्साइड गमावून ३९७ किती झाला ते मोजायचं. तीन-तीन वेव्हनंबरची पावलं टाकत १००० पासून १९५० पर्यंत जायचं म्हणजे तीनशेच्या वर बिंदू, प्रत्येकाला काही सेकंद. तासाभराचा हिशेब.

अमाइडच्या शिखरावर मला बारीक दाते दिसत होते, करवतीसारखे. मी ते खरे समजून वहीत टिपायला लागले होते, तेवढ्यात शेजारी बसलेल्या पोस्टडॉकने खोलीतल्या हवेकडे बोट दाखवलं. पाण्याची वाफ. १४०० ते १९०० या पट्ट्यात वाफेच्या रेषाच रेषा आहेत आणि नळी संपून यंत्राच्या खिडकीपर्यंतच्या थोड्याशा अंतरातली वाफही लेझर खाते. त्या अंतरावर कोरडा नायट्रोजन सोडला, थोडं थांबलो, दाते गेले. ज्या पाण्याशिवाय पेप्टाइड कसा दिसतो हे बघायला एवढ्या लांब आले, ते शेवटच्या वीतभर हवेत होतंच.

मग आमचा पेप्टाइड. प्रत्येक पावलाला किती स्पंद मारायचे हे ठरवण्यात पहिली शिफ्ट गेली. जास्त मारले तर मोठी शिखरं सपाट होतात आणि सगळंच सारखं दिसतं, कमी मारले तर लहान शिखर उठतच नाही. अमाइडच्या भागात लेझर मंद केला, वरच्या भागात पूर्ण ताकदीने सोडला. मध्येच सुई तुंबली. द्रावण आधी गाळून घेतलं की हे कमी होतं.

१७०० च्या आसपास भरघोस शोषण होतं, ते अपेक्षितच. सायक्लो डायपेप्टाइडचा, म्हणजे विकत आणलेल्या शुद्ध डायकिटोपिपरॅझिनचा स्पेक्ट्रमही तिथेच उठत होता आणि १८०० च्या पुढे त्याची रेघ जमिनीला टेकलेली. आमच्या बी-२ ची रेघ मात्र १९०० च्या जवळ किंचित उचलली गेली. इतकी किंचित की मी दोनदा स्क्रीन मोठी करून पाहिली. पुन्हा मोजलं, पुन्हा तिथेच. म्हणजे दोन्ही रूपं आहेत. पण किती-किती?

स्पेक्ट्रममधल्या उंचीवरून प्रमाण काढता येत नाही, कारण प्रत्येक बंध किती जोरात शोषतो आणि आयन किती सहज फुटतो हे वेगवेगळं असतं. त्यासाठीची युक्ती मला फार आवडते. लेझर त्याच १९०० च्या शिखरावर स्थिर ठेवायचा आणि स्पंद वाढवत न्यायचे. तिथे फक्त ऑक्सॅझोलोन शोषतं, त्यामुळे फक्त तेच फुटत जातं. ते संपलं की कितीही मारा, उरलेला बी-२ हलत नाही. आधी एक पडताळणी लागते, की लेझर सापळ्यातल्या सगळ्या आयनांना लागतोय. नाहीतर न लागलेले आयन हेच ‘उरलेलं रूप’ वाटेल. म्हणून अख्ख्या ल्यू-एन्केफॅलिनवर त्याच्या अमाइड शिखराशी लेझर ठेवून पाहिलं. तो जवळजवळ पूर्ण संपला. मग बी-२. पाच स्पंद, दहा, वीस. आकडा उतरत गेला, उताराचा वेग मंदावला, आणि साधारण एक तृतीयांश कमी झाल्यावर तो थांबला. चाळीस स्पंदांनाही तेवढाच. साठलाही तेवढाच. कंट्रोल रूममधून विचारणा आली, पुढच्या लांबीला जायचं का? मी म्हटलं, अजून एकदा.

मॅडमना व्हॉट्सॲपवर आलेखाचा फोटो पाठवला. पुण्यात पहाट होती. उत्तर आलं, “आडव्या रेषेवर अजून बिंदू घे. रिव्ह्यूअर तिथेच बोट ठेवणार.” अभिनंदन वगैरे काही नाही. बिंदू घेतले.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात टीए (प्रवासखर्चाचं) बिल भरलं. बोर्डिंग पास दोन्ही बाजूंचे लागतात. मोबाइलवरचा क्यूआर कोड चालत नाही असं सांगणारा कोणीतरी प्रत्येक कार्यालयात असतो, म्हणून विमानतळावर कागदी मागून घ्या. युरोचा दर कुठल्या तारखेचा धरायचा यावर फाइल दोन टेबलांमध्ये फिरत राहिली. पैसे उन्हाळा संपता संपता आले. स्वतःचे चाळीसेक हजार काही महिने अडकून राहतील अशी तयारी ठेवून निघा, किंवा आगाऊ रकमेचा अर्ज करा. तो केला असता तर आणखी एक फॉर्म भरावा लागला असता, एवढंच.

प्रयोग संपतो, गणित उरतं. प्रत्येक रूपाच्या शेकडो आकृत्या संगणकाने आधी तापवून-थंड करून शोधायच्या, त्यातल्या कमी ऊर्जेच्या निवडून डीएफटी या क्वांटम गणिताच्या पद्धतीने त्यांचे स्पेक्ट्रम काढायचे, वारंवारिता ०.९७५ च्या आसपासच्या आकड्याने गुणून मोजलेल्या स्पेक्ट्रमवर ठेवायच्या. संगणकांच्या क्लस्टरवर रांग मोठी होती, मार्च-एप्रिल त्यातच गेले. इथे घाई करावीशी वाटते, कारण पहिली जुळलेली आकृती दिसली की तीच खरी असं मन म्हणतं. माझ्या मते न जुळणाऱ्या आकृत्यांचं चित्र पेपरात घालणं जास्त गरजेचं आहे. वाचणाऱ्याला त्यावरूनच कळतं की निवड कशावरून झाली.

पेपर पाठवला, तो दुरुस्त्यांसाठी परत आला. आडव्या रेषेवर कोणीच बोट ठेवलं नाही. एका रिव्ह्यूअरने विचारलंय, १९०० चं ते छोटं शिखर कड्यातल्या कार्बोनिलचंच कशावरून? रास्त प्रश्न आहे. त्या एका कार्बोनिलमध्ये कार्बन-१३ घातला तर शिखर चाळीसेक वेव्हनंबर खाली सरकायला हवं, आणि सरकलं नाही तर आमचं चुकलं. लेबल लावलेल्या पेप्टाइडचं कोटेशन आलंय, साध्याच्या तिप्पट. त्याचा जेमचा अहवाल काल निघाला, आणि पुढच्या फेरीचा प्रस्ताव मॅडमच्या टेबलावर आहे. या वेळी दीड पान.